मुलांना आजारी पडायलाही शिकवून पाठवा

परदेशी शिक्षणाचं मार्गदर्शन करणाऱ्या केंद्रांचे संचालक आणि समुपदेशक यांना,


जुलै महिना तुमच्या धावपळीचा. पुणे असो, नाशिक असो की कोल्हापूर, मुलं निघण्याआधीच्या शेवटच्या मेळाव्याला सभागृह गच्च भरलेलं असतं. मुलं पुढच्या खुर्च्यांवर, आईवडील मागे वही-पेन घेऊन. विमानात किती किलो सामान चालतं, कुकर कोणत्या बॅगेत ठेवायचा, भाजणी आणि मेतकूट न्यायचं का, फॉरेक्स कार्ड कुठलं, खोली मिळेपर्यंत राहायचं कुठं, अशा एकेका शंकेचं तुम्ही न कंटाळता निरसन करता. हे काम तुमच्यातले बरेच जण मनापासून करतात, हे मान्य करूनच हे पत्र लिहिलं आहे. पण त्या दोन-अडीच तासांत आरोग्याच्या वाट्याला बहुधा एकच ओळ येते: इन्शुरन्स काढायला विसरू नका. लगेच पुढचा विषय सुरू होतो.

२०२४ साली १३ लाखांहून अधिक भारतीय विद्यार्थी परदेशांत शिकत असल्याची परराष्ट्र मंत्रालयाची नोंद आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारनं लोकसभेत सांगितलं, की आधीच्या पाच वर्षांत ६३३ भारतीय विद्यार्थी परदेशांत मरण पावले. त्यांतले १७२ कॅनडात, १०८ अमेरिकेत. यात अपघात आहेत, हल्ले आहेत, आजारही आहेत, आणि वेळेवर उपचार मिळाले असते तर कोण वाचलं असतं, हे या आकड्यावरून सांगता येत नाही. मात्र मरणापर्यंत न जाणारी, कुठल्याच आकड्यात न येणारी आजारपणं याच्या कित्येक पट असतात. खोलीवर एकट्यानं काढलेला ताप, बिलाच्या धास्तीनं सहन केलेली दाढदुखी, तीन आठवडे अंगावर काढलेला खोकला. ही पाळी मुलांवर येते ती पैसे नसतात म्हणूनच असं नाही. कुणाचं दार वाजवायचं तेच त्यांना ठाऊक नसतं.

तक्रार अशी, की तुमच्या कामात आरोग्य येतं ते व्हिसा हातात पडेपर्यंतच. ब्रिटनला सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ जाणाऱ्या भारतीयाला क्षयरोगाची तपासणी करावी लागते, म्हणून तुम्ही त्याला ठरलेल्या केंद्रावर छातीचा एक्स-रे काढायला वेळेत पाठवता. जर्मनीसाठी ब्लॉक अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, २०२४च्या सप्टेंबरपासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात, हे तुमच्याकडे नव्यानं लागलेल्या मुलालाही तोंडपाठ असतं. पण त्याच ९९२ युरोंतले दीडशेच्या आसपास युरो दर महिन्याला आरोग्यविम्याला जाणार आहेत आणि त्या बदल्यात काय मिळणार आहे, हे जर्मनीला निघालेल्या मुलाला कुणी समजावून सांगत नाही.

‘इन्शुरन्स काढा’ हे एक वाक्य सगळ्या देशांना पुरत नाही. घोळ इथूनच सुरू होतो.

ब्रिटनचं पाहा. तिथं जाणारा विद्यार्थी व्हिसाच्या अर्जाबरोबरच इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज भरतो. २०१५ साली हा आकार सुरू झाला तेव्हा विद्यार्थ्यांना तो वर्षाला १५० पौंड होता. फेब्रुवारी २०२४पासून तो ७७६ पौंड आहे. घरच्या हिशेबात ही रक्कम ‘व्हिसाचा खर्च’ म्हणून मांडली जाते आणि विसरली जाते. या पैशांतून आपण तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, एनएचएसचा, हक्क मिळवला आहे, हे मुलाच्या लक्षातच येत नाही. शिवाय हा हक्क वापरायचा तर राहत्या भागातल्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवावं लागतं. ही नोंदणी मोफत असते आणि तिच्यासाठी पत्त्याचा पुरावा लागत नाही, असं एनएचएसचं धोरण आहे. तरी मुलं ‘घर पक्कं झालं की बघू’ म्हणत राहतात आणि नोव्हेंबरात ताप आला की भांबावतात. नोंदणी पहिल्या आठवड्यातच करा, एवढं एक वाक्य तुम्ही ठासून सांगितलंत तरी बरंच काम होईल. २५ वर्षांखालच्या, पहिल्यांदाच विद्यापीठात जाणाऱ्यांना मेंदूज्वराची मेनएसीडब्ल्यूवाय ही लस तिथं मोफत मिळते. वसतिगृहात दाटीनं राहणाऱ्यांना ती घ्यायला सांगतात, हेही त्याच दमात सांगता येईल.

अमेरिकेत सगळंच वेगळं. तिथं जे-१ व्हिसावर जाणाऱ्यांना विमा किती रकमेचा असावा हे केंद्र सरकारनं ठरवून दिलं आहे. पण आपली बहुतेक मुलं ज्या एफ-१ व्हिसावर जातात त्याला सरकारी विम्याची अटच नाही. विद्यापीठं आपापल्या अटी घालतात. काही विद्यापीठं स्वतःच्या विम्याऐवजी बाहेरचा घेण्याची मुभा देतात आणि मग भारतातून निघणारी स्वस्त पॉलिसी पुढे केली जाते. स्वस्त आहे म्हणून ती वाईट असं नाही. पण तिच्यात आधीपासूनचे आजार वगळलेत का, मानसिक आजारांवरचे उपचार आहेत का, डिडक्टिबल किती, हे मुलाला वाचून दाखवणं तुमच्याकडून अपेक्षित आहे. डिडक्टिबल म्हणजे कंपनीनं पैसे द्यायला लागण्याआधी आपल्या खिशातून भरायची रक्कम. कोपे म्हणजे डॉक्टरच्या प्रत्येक भेटीला द्यायचे ठरावीक पैसे. नेटवर्क म्हणजे ज्यांच्याशी कंपनीचा करार आहे असे डॉक्टर आणि रुग्णालयं. बारावीपासून कॅल्क्युलस करणाऱ्या मुलांना हे तीन शब्द कळायला दहा मिनिटं पुरतात, पण ती दहा मिनिटं कुणीतरी द्यावी लागतात.

आणि जायचं कुठं? सर्दी-ताप, पोटदुखी, त्वचेची तक्रार यांसाठी आधी विद्यापीठाचं हेल्थ सेंटर. ते बंद असेल आणि सकाळपर्यंत थांबवत नसेल तर अर्जंट केअर, म्हणजे आधी वेळ न ठरवता जाता येणारा दवाखाना. छातीत दुखणं, श्वास कोंडणं, बेशुद्धी, मोठा अपघात, असं असेल तर ९११ आणि इमर्जन्सी रूम. ही उतरंड माहीत नसल्यामुळे मुलं घसा दुखतो म्हणून इमर्जन्सी रूममध्ये जातात आणि तिथलं बिल हाती आलं की पुढं खरोखर गरज पडली तरी जायला कचरतात. दुसरी चूक पहिलीपेक्षा कितीतरी घातक. २०२२पासून तिथं अचानक येणाऱ्या वाढीव बिलांविरुद्ध कायदा आहे, पण रस्त्यावरून धावणाऱ्या ॲम्ब्युलन्सला तो लागू नाही. बिल आलं तर ते तपशीलवार मागून घेता येतं, त्यावर बोलता येतं. ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या रुग्णालयांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि त्यासाठी अर्ज करता येतो. हे माहीत नसलेली मुलं क्रेडिट कार्डावर सगळी रक्कम भरून मोकळी होतात किंवा बिलाचा लिफाफा न उघडता ड्रॉवरमध्ये टाकून देतात.

जर्मनीत तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सरकारी आरोग्यविमा सवलतीच्या दरात मिळतो. कुणी स्वस्त म्हणून सुरुवातीलाच खाजगी विमा घेऊन सरकारी विम्यातून सूट मागितली, तर ते शिक्षण संपेपर्यंत त्याला परत फिरता येत नाही. एका सहीनं काही वर्षांची वाट बंद होते. ती सही बरेचदा इथं, तुमच्या टेबलावर, व्हिसाच्या घाईत ठरते. कॅनडात तर प्रांत बदलला की नियम बदलतात: ब्रिटिश कोलंबियात ठरावीक प्रतीक्षेनंतर विद्यार्थ्याला प्रांताच्या योजनेत जाता येतं, ऑन्टारिओच्या सरकारी योजनेत त्याला जागा नाही. तेव्हा ‘कॅनडाचा इन्शुरन्स’ अशी एकच गोष्ट नसते.

आता सवयीबद्दल थोडं. आपल्याकडे अंगावर चट्टा उठला की आपण थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जातो, गुडघा दुखला की हाडांच्या डॉक्टरकडे. ताप दोन दिवस राहिला की कोपऱ्यावरचा केमिस्ट अँटिबायोटिकची पट्टी कापून देतो. अशक्तपणा आला की घरचेच म्हणतात, एक सलाईन लावून घे. तिथं यातलं बहुतेक चालत नाही. ब्रिटनमध्ये आधी फॅमिली डॉक्टर. त्याला वाटलं तरच तज्ज्ञाकडे. अँटिबायोटिक सहसा चिठ्ठीशिवाय नाही. जर्मनीत साधी पॅरासिटामॉलची गोळीही औषधाच्या दुकानाबाहेर, किराणा घेतो तिथं, मिळत नाही. रविवारी औषधांची बहुतेक दुकानं बंद असतात, पाळीपाळीनं ठेवलेली तेवढी उघडी. आणि विषाणूचा ताप असेल तर तिथला डॉक्टर विश्रांती घे, भरपूर पाणी पी, असं सांगून रिकाम्या हातानं घरी पाठवतो. डॉक्टरनं आपल्याला हाकलून दिलं, आपण गोरे नाही म्हणून दुर्लक्ष केलं, असा समज करून घेऊन आलेली मुलं पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढत नाहीत. दुजाभाव कुठंच होत नाही असं म्हणायचं नाही. पण विषाणूच्या तापाला अँटिबायोटिक न देणं ही तिथं चांगल्या डॉक्टरची रीत समजली जाते, हे आधी सांगितलं तर निदान एक गैरसमज टळेल.

तातडी नाही पण सल्ला हवा, अशा वेळचे क्रमांक वेगळे असतात: इंग्लंडात १११, जर्मनीत ११६ ११७. जिवावरचं असेल तर ब्रिटनमध्ये ९९९, जर्मनीत ११२. आपल्याकडे १०८ सगळ्यांना पाठ आहे. हे आकडेही मुलांच्या फोनमध्ये विमान सुटण्याआधी जायला हवेत.

औषधांच्या पिशवीबद्दल आईवर्ग फार दक्ष असतो. क्रोसिन, डोलो, कॉम्बिफ्लाम, पोटाच्या गोळ्या, खोकल्याचं औषध, सगळं भरून दिलं जातं, आणि वर एक यादी: डोकं दुखलं तर ही, अंग दुखलं तर ती. यातल्या पहिल्या तीनही गोळ्यांत पॅरासिटामॉल आहे हे यादीत नसतं. अमेरिकेत सर्दीची एखादी तयार गोळी घेतली तर तिच्यातही बहुधा तेच असतं, फक्त नाव ॲसिटामिनोफेन. प्रौढानं २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही; त्यापुढे यकृत धोक्यात येतं. म्हणून मुलांना ब्रँडचं नाव न शिकवता औषधाचं मूळ नाव शिकवा. आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं निमेसुलाइड अमेरिका आणि ब्रिटनमध्ये विक्रीलाच नाही. जपानला जाणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं: स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असलेली सर्दीची गोळी तिथं नेता येत नाही आणि ॲम्फेटामाइनवर आधारलेलं एडीएचडीचं औषध डॉक्टरची चिठ्ठी असली तरी चालत नाही. थायरॉइडची गोळी, दम्याचा पंप, आकडीचं औषध नेणाऱ्यांनी ते मूळ वेष्टनात, औषधाचं मूळ नाव आणि मात्रा लिहिलेल्या डॉक्टरच्या इंग्रजी पत्रासह न्यावं.

आकडीवरून एक अवघड गोष्ट आठवते. घरची माणसं पुष्कळदा सांगतात, फॉर्मवर दम्याचं लिहू नकोस, नैराश्याच्या गोळ्यांचं तर नकोच, उगाच व्हिसा अडेल. आणि तुमच्यातले काही जण या सल्ल्याला मान डोलावतात. कृपा करून डोलावू नका. विमा घेताना लपवलेला आजार पुढं दावा फेटाळायला कारण होतो. आकडी लपवणाऱ्या मुलाच्या खोलीतल्या साथीदाराला ती आल्यावर काय करायचं हे ठाऊक नसतं, आणि हा धोका तर कागदावरच्या कुठल्याही अडचणीपेक्षा मोठा आहे.

लसींचे कागदही असेच. गोवर-गालगुंड-रुबेला, हिपॅटायटिस बी यांचे दाखले अमेरिकेतली पुष्कळ विद्यापीठं मागतात आणि मुलांची लहानपणीची पिवळी पडलेली कार्डं सापडत नाहीत. जन्मल्यावर बीसीजी टोचलेल्या भारतीय मुलाची क्षयाची त्वचेवरची चाचणी त्या लसीमुळेच सकारात्मक येऊ शकते. रक्ताच्या आयजीआरए चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. हे ठाऊक असलेलं मूल तिथल्या नर्सला शांतपणे विचारू शकतं. ठाऊक नसलेलं मूल आपल्याला क्षय झाला या भीतीनं रात्रभर झोपत नाही.

क्षयाचा विषय निघाला की मराठी माणसाला आनंदीबाई जोशी आठवल्यावाचून राहत नाही. १८८३च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या तेव्हा १८ वर्षांच्या होत्या. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना घर दिलं, माया दिली. पण पुढं फिलाडेल्फियाची थंडी आणि न झेपणारं खाणं यांनी प्रकृती खचत गेली. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या, वर्षअखेर मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात क्षयानं गेल्या. वयाची २२ वर्षंही पूर्ण झाली नव्हती. क्षयावर औषध निघायला तेव्हा अजून निम्मं शतक बाकी होतं. त्यांना वाचवण्याचं साधन त्या काळी कुणाकडे नव्हतं. आजच्या मुलांसाठी साधनं आहेत, फक्त ती त्यांच्यापर्यंत पोचवणारं कुणीतरी हवं. उन्हातून मिळणाऱ्या ड जीवनसत्त्वाचंच पाहा: बर्लिनमध्ये डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस पावणेआठ तासांचाही नसतो, पुण्यातला तेव्हाही अकरा तासांचा असतो. ब्रिटनच्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे, की हिवाळ्यात सर्वांनीच रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायचा विचार करावा, आणि दक्षिण आशियाई, म्हणजे आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांनी वर्षभर. शाकाहारी मुलांनी निघण्याआधी बी-१२ तपासून घेणंही शहाणपणाचं. ही तपासणी आपल्या तालुक्याच्या गावातही होते.

काळोख लवकर पडतो त्या दिवसांत मनही खाली जातं. त्याबद्दल बोलायला मराठी घरात शब्द तोकडे पडतात. ‘करमत नाही’ याच्यापुढे मूल फोनवर जात नाही. कर्ज काढून पाठवलंय हे त्याला ठाऊक असतं. त्यात एक भीती अशी, की समुपदेशकाकडे गेलो आणि विद्यापीठाला कळलं तर व्हिसा जाईल. नियम याच्या उलट आहे. अमेरिकेत एफ-१ विद्यार्थ्याला आजारपणात, मानसिक आजार धरून, डॉक्टरच्या किंवा परवानाधारक मानसशास्त्रज्ञाच्या पत्रावर कमी विषय घेण्याची, प्रसंगी एकही विषय न घेण्याची परवानगी मिळते. एका पदवीच्या काळात एकूण १२ महिन्यांपर्यंत. अट एकच: विषय सोडण्याआधी विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी अधिकाऱ्याची संमती घ्यायची. न सांगता वर्गात जाणं बंद केलं तर मात्र खरोखरच व्हिसा धोक्यात येतो. भीतीपोटी गप्प बसणारी मुलं नेमकी या दुसऱ्या वाटेला जातात. तुमच्या मेळाव्यात ही एक गोष्ट सांगायला पाच मिनिटं लागतील, आणि या पत्रातली दुसरी कुठलीच मागणी मान्य झाली नाही तरी ही व्हावी, इतकी ती मोलाची आहे. अगदी जीव नकोसा झाला, तर अमेरिकेत ९८८ आणि ब्रिटनमध्ये समॅरिटन्सचा ११६ १२३ हे क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतात.

आईवडिलांनाही काही सांगा. मूल १८ वर्षांचं झालं की अमेरिकेतलं रुग्णालय त्याच्या संमतीशिवाय साताऱ्याहून फोन करणाऱ्या वडिलांना सहसा काही सांगत नाही. तो उद्धटपणा नव्हे, तिथला गोपनीयतेचा कायदा आहे. मुलानं आधीच संमतीपत्रावर आईवडिलांचं नाव लिहून सही करून ठेवली तर ही अडचण बरीच कमी होते. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलची माहितीही द्या. २०१५पासून ते चालू आहे, विद्यार्थ्याला तिथं नाव नोंदवता येतं आणि संकटात दूतावासापर्यंत पोचायला त्याचा उपयोग होतो.

विनंती मोठी नाही. प्रत्येक मेळाव्यात एक तास आरोग्याला द्या, आणि तो विमा विकणाऱ्या प्रतिनिधीच्या हाती सोपवू नका. जाहिरात आणि माहिती यांतला फरक मुलांना कळतो, मागच्या रांगेतल्या पालकांना नेहमी कळतोच असं नाही. ज्या देशाला मुलं जाणार तिथं दोन हिवाळे काढून आलेला एखादा विद्यार्थी आणि एक डॉक्टर, एवढी दोन माणसं बोलवा. देशागणिक एक पानाचं पत्रक काढा, मराठीत, म्हणजे ते आजीच्या हातातही राहील: नोंदणी कुठं करायची, कुठल्या वेळी कुणाकडे जायचं, क्रमांक कोणते, सोबत कुठले कागद. मूल पोचल्यावर सहा आठवड्यांनी तुमच्या कार्यालयातून एक फोन जावा, आणि डॉक्टरकडे नाव नोंदवलंस का, एवढंच त्याला विचारलं जावं. पत्रकाचा मजकूर दर वर्षी नव्यानं तपासावा लागेल, कारण रकमा आणि नियम बदलतात. त्यासाठी त्या त्या देशात वैद्यकी करणाऱ्या मराठी डॉक्टरांना आणि तिथल्या महाराष्ट्र मंडळांना विचारा. लंडनचं मंडळ तर १९३२पासूनचं आहे.

यंदाच्या तुकडीला निघायला अजून काही आठवडे आहेत. पहिलं पत्रक तेवढ्यात निघू शकतं.

कळावे,
आपली,
परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांपैकी एक
पुणे